घागरीवरचं नाव

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सुकलालबापू, शाळेचा शनिवार सोडून आलेल्या आमच्या मुख्याध्यापिका योगिताताई, मंडळाचे सचिव योगेंद्रभाऊ, व्यासपीठावरची सगळी ज्येष्ठ मंडळी, पांडेसऱ्याहून आणि थेट कोसाडहून रिक्षा बदलत आलेल्या माझ्या मावश्या, वहिन्या, आज पाळी बदलून घेतलेले लूमवरचे बंधू, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाईलची पूजा करत असलेली आमची तरुण पिढी, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सत्कारमूर्तींचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. व्यासपीठावर त्यांच्यासाठी मखमलीची खुर्ची आहे, खुर्चीवर कागद चिकटवलाय, 'श्रीमती सरस्वतीबाई'. योगेंद्रभाऊंनी सकाळपासून तीनदा तिला तिथे बसवायचा प्रयत्न केला. खुर्ची रिकामीच आहे. कुणी शोधत असेल तर सांगते, त्या दाराशी आहेत. चपलांच्या ढिगाशेजारी, प्लास्टिकच्या स्टुलावर. अर्धं अंग हॉलमध्ये, अर्धं बाहेरच्या ओट्यावर.

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. मला तिनेच लहानाचं मोठं केलं, पण माझ्या लग्नातसुद्धा ती मांडवाच्या कडेलाच उभी होती. डोक्यावर स्लॅब असला की ती दार सोडत नाही. सिनेमाला नेलं तर तिचं तिकीट वाया. दवाखान्यात डॉक्टरांनी आत बोलावलं, तर म्हणते, "तुमीच या की हिकडं." आणि गंमत अशी, की ते डॉक्टर येतातसुद्धा! तिच्या हातची ज्वारीची भाकरी त्यांनी शिकत असताना खाल्लेली आहे ना.

सुरतेच्या या उधन्यात तिच्या खानावळीची भाकरी न खाल्लेला मराठी माणूस शोधून काढणं अवघड. आमच्या सुकलालबापूंनी नवीन असताना तिच्याकडे पहिलं जेवण केलं, आणि दुसऱ्या भाकरीनंतर लाजून हात धुवायला उठले. तिने खांद्याला धरून खाली बसवलं. बापू, खरं की खोटं? बघा, हसताहेत. आज हे मंडळाचे अध्यक्ष आहेत, पण त्या खानावळीत तिसरी भाकरी मागायची हिंमत यांना पुढे कितीतरी दिवस झाली नव्हती.

आता एक गोष्ट तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आली असेल, मला ठाऊक नाही. आपल्या माणसांमध्ये भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. लग्नात तांब्या दिला, घाल नाव. वास्तुशांतीला परात दिली, घाल नाव. चमच्यावर सुद्धा नाव घालणारे मामा मी पाहिलेत. पण सरस्वतीबाईंच्या खानावळीतल्या एकाही ताटावर, वाटीवर, डब्यावर कधी नाव नव्हतं. एकदा एका नव्या पोराने आपल्या डब्यावर खिळ्याने स्वतःचं नाव कोरून आणलं. तिने तो डबा घेतला, वाळू लावून नाव जाईतो घासला आणि त्याच्या हातात दिला. वर म्हणाली, "नावाची भांडी फसिवत्यात रं लेकरा."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आणि दर वेळी मला वाटायचं, ते मलाच उद्देशून आहे. का, ते आज सांगणार आहे. ती परवा गावी चालली. सांगायचं ते आजच सांगायला हवं. तिला विचारलंय मी. "सांग की," म्हणाली, "मला मातर दाराजवळ बसू दे."

मंडळी, मी आणि ती मूळच्या चिंचवळच्या. लातूर आणि धाराशिवच्या सीमेवरचं बाजाराचं गाव. मंगळवारी बाजार भरायचा, तेव्हा आसपासच्या वाड्या रिकाम्या होऊन आमच्या गावात यायच्या. एक कापडाचं दुकान, दोन पिठाच्या गिरण्या, एक दवाखाना. आम्हाला वाटायचं, मुंबई म्हणतात ती यापेक्षा अशी कितीशी मोठी असेल! घरं सगळी दगडमातीची. भिंती इतक्या रुंद, की खिडकीच्या कोनाड्यात आम्ही मुली पाय लांब करून भातुकली मांडायचो. आणि वर माळवद, मातीचं. दरवर्षी पावसाआधी त्याच्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात घर गार, थंडीत उबदार. आजोबांच्या आजोबांपासून लोक त्या मातीखाली सुखाने झोपत आले होते. त्या मातीचं वजन किती आहे, हे मनात यायचं काही कारणच नव्हतं.

त्या भूकंपाआधी वर्षभर जमीन गुरगुरत होती. हो, गुरगुरतच. दूर कुठेतरी विहिरीत सुरुंग उडवावा, तसा आवाज यायचा आणि घरातली भांडी किणकिणायची. पहिल्यांदा सगळे बाहेर पळाले. दुसऱ्यांदा निम्मे पळाले. मग कुणीच पळेना. माझी आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "उतरंड बोलायली बग." माणूस कशालाही सरावतो, नाही का? पायाखालची धरणी आपल्याला काहीतरी सांगत होती, आणि आम्ही म्हणत होतो, भांडी बोलतात.

गणपती आले. साल एकोणीसशे त्र्याण्णव. अनंत चतुर्दशीला, विसर्जनाच्या आधी, गावात सार्वजनिक गणपतीचा महाप्रसाद असायचा. मंडळाकडे भांडी कुठली? ज्याच्या त्याच्या घरून आणायची. कुणाचा हंडा, कुणाची परात, कुणाची पाण्याची घागर. त्या वर्षी स्वयंपाकाची जबाबदारी आमच्या आईकडे होती. जेवणं झाली, मिरवणूक निघाली, बायांनी भांडी घासून आमच्या घरात आणून रचली. मधल्या घरात, खांबाला लागून, पार तुळईपर्यंत. अख्ख्या गल्लीची भांडी. वाटायची राहिली होती. आमच्याच गल्लीत राहणारी ही सरस्वतीकाकू आपली घागर न्यायला दारात आली, तेव्हा आई म्हणाली, "आता मरू दे गं. पाय गेलेत माझे. सकाळी नावं बगून ज्याचं त्याला देऊ."

काकूची ती घागर तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली, पितळेची. गळ्याखाली नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. सरस्वती हिस'. ती म्हणाली, "बरं, सकाळी नेते." आणि गेली. घरी तिचा मुलगा झोपायचा खोळंबला होता. वैभव. चार वर्षांचा. गावातलं पहिलं फॅशनचं नाव! त्याच्या आजीला ते उच्चारता यायचं नाही, ती 'वैभ्या' म्हणायची. काका, म्हणजे पांडुरंगकाका, तेव्हा इथे उधन्यात कापडाच्या लूमवर होते. गावी घरात आजी, काकू आणि वैभ्या.

पहाटे जे झालं, त्याचं मी काय वर्णन करू? मी आठ वर्षांची होते आणि झोपेत होते. मला जाग आली, तेव्हा डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळत नव्हतं. तोंडात माती. पाठीला काहीतरी गार, गोल, गुळगुळीत लागत होतं. हाक मारायला तोंड उघडलं तर आणखी माती आत गेली. मला एवढंच आठवतं. भीती वाटली का, असं लोक विचारतात. ते आठवत नाही. ते गार, गोल आठवतं.

काकूचं ऐका. पहाटे अंधारात बाया गावाबाहेर जातात, तशी ती गेली होती. म्हणून वाचली. ती सांगते, आधी आवाज आला, मग जमिनीने तिला उभीची बसवलं. आणि गावाच्या जागी धुरळा उठला, पांढरा, आभाळापर्यंत. आणि मग गप्प. कुत्रं नाही, कोंबडं नाही, माणूस नाही. तिला आजही त्या आवाजाची भीती नाही वाटत. त्यानंतरच्या शांततेची वाटते. ती धावत गावात आली, तर तिथे गावच नव्हतं. गल्ली नाही, पार नाही, वळण नाही. सगळीकडे सारखेच दगड आणि सारखीच माती. विचार करा, ज्या गल्लीत आपण डोळे झाकून घरी जातो, तिथे उघड्या डोळ्यांनी माणसाला आपलं घर सापडत नाही! आपण केवढे मोठे, आपली घरं केवढी भक्कम, आणि जमिनीने नुसतं अंग झटकलं.

उजाडल्यावर जे वाचले होते ते, आणि शेजारच्या वाड्यांतून पळत आलेले, हाताने दगड काढू लागले. कुठे काढायचे? कुणाचं घर कुठलं? आणि तेवढ्यात एका ढिगातून एक तांब्या निघाला. त्याच्यावर नाव होतं. नाव वाचताच एक माणूस ओरडला, "हे आमचं घर!" आणि तिथे भिडला. मग परात निघाली. तिच्यावर दुसरंच नाव. दुसरं कुटुंब धावत आलं, "आमचं घर हाय हे!" मग हंडा, मग पातेलं. गावभर निरोप गेला, इथे भांडी सापडतायत, नावं वाचा. जो तो आपलं नाव ऐकून त्या ढिगावर यायला लागला. कुणाच्या ध्यानात येईना, की एका घरातून इतकी घरं कशी निघतायत. ध्यानात यायला डोकं ठिकाणावर कुणाचं होतं?

ते घर आमचं होतं. भांडी वाटायची राहिलेलं.

काकू दुसऱ्या टोकाला वेड्यासारखी उकरत होती. कुणीतरी हाक मारली, "सरस्वती, तुजी घागर निगाली गं हितं!" ती आली. घागर चेपली होती, पण नाव स्पष्ट होतं. घागर जिथे, तिथे आपलं घर. घर जिथे, तिथे आपला वैभ्या. तिने तिथे हात घातला.

आणि तिथून मी निघाले.

मोठ्या भांड्यांच्या त्या राशीवर तुळई येऊन अडकली होती. पितळ चेपलं, वाकलं, पण दबलं नाही, आणि खाली एका पोरीपुरती जागा राहिली. आमच्या घरात मी एकटीच वाचले. आई, बाबा, धाकटा भाऊ, कुणी नाही. काकूचं घर त्याच ओळीत पुढे होतं. तिथपर्यंत माणसं पोचली, तेव्हा दिवस कलला होता. वैभ्या आणि आजी अंथरुणावरच होते. झोपेतच गेले, असं लोक म्हणाले. लोकांनी तसंच म्हणायचं असतं.

देव तारी त्याला कोण मारी, असं मला बघून जो तो म्हणायचा. बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायच्या. मला मनातून राग यायचा. वैभ्याला तारायला त्याच देवाला काय अडचण होती?

काका सुरतेहून आले. माझे मामा मला न्यायला आले होते. काकू त्यांना म्हणाली, "हिला मी नेते." एवढंच. का, हे तिने सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. चेपलेली घागर, एक बोचकं आणि मी, एवढं सामान घेऊन ती सुरतेला आली.

आता थोडं हसा, कारण पुढची गोष्ट उधन्यातल्या जुन्या माणसांना पाठ आहे. काकांची खोली लूमच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्यावर. आम्ही पोचलो ते सुट्टीच्या दिवशी, कारखाना बंद होता. काकूने खोली झाडली, काकांचे डबे घेतले आणि घरी रचायची तशी उतरंड रचली. सर्वांत वर वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली. खाली सगळे लूम एकदम चालू झाले, जमीन थरथरली, डबे किणकिणले आणि वाटी खाली आली. झालं! काकूने मला काखोटीला मारलं, पदर खोचला आणि जिन्यावरून ओरडत निघाली, "भायेर पळा! भायेर पळा!" वाटेत दिसेल त्या दारावर लाथ. शेजारच्या म्हाताऱ्याला तिने अर्ध्या दाढीचा, साबणासकट रस्त्यावर आणला. सगळी चाळ रस्त्यात. कारखान्याचा गुजराती शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आला, "शुं थयुं, शुं थयुं?"

तेव्हा पुढे आली ती ह्या पहिल्या रांगेत बसलेली कलाबाई. अमळनेरची. तिने काकूचा दंड धरला आणि म्हणाली, "वो माय, कोठे पयी ऱ्हायनी? हाऊ भूकंप नही शे, खाले लूम चाली ऱ्हायनात!" लोक हसायला लागले. काकू हसली नाही, तिथेच रस्त्यावर बसली. कलाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, मग आमच्या बोचक्याकडे, मग माझ्या डोक्यावरच्या पट्टीकडे. आणि हसणाऱ्यांना तिने अहिराणीत अशा काही शिव्या दिल्या, की त्या या व्यासपीठावरून मला सांगता येणार नाहीत. त्या दिवशी आमच्या घरी भाकरी कलाबाईकडून आली. खान्देश आणि मराठवाडा यांचा आमच्या गल्लीतला करार तो असा झाला.

पुढे उलटंच झालं. लूमच्या थरथरीची काकूला इतकी सवय लागली, की वीज गेली आणि लूम थांबले, की ती दचकून उठायची. दिवाळीत कारखाने बंद पडतात, उधना गप्प होतं, सगळी दुनिया निवांत झोपते. ही मात्र दारात बसून. जगात सगळीकडे माणसं जमीन हलली की घाबरतात. माझ्या काकूला जमीन हलायची थांबली की भीती वाटते.

तिची आणखी एक सवय. रस्ता ओलांडताना ती माझं बोट धरते. हात नाही, बोट. मी बी.एड. करून शिक्षिका झाले, दोन लेकरांची आई झाले, तरी उधना दरवाजाला ट्रक आला की हिने माझं बोट पकडलंच. माझे विद्यार्थी बघून हसायचे, "टीचर, तुम्हें भी कोई पकड के ले जाता है?" मला लाज वाटायची. एका प्रजासत्ताकदिनी, भूज हादरलं त्या सकाळी, सुरतही हलली. मी तेव्हा अकरावीत, शाळेच्या मैदानात झेंडावंदनाला. लोक रस्त्यावर सैरावैरा. आणि शाळेच्या फाटकात काकू उभी, पायात दोन वेगवेगळ्या चपला, हाताला पीठ. माझं बोट धरलं आणि घरी घेऊन आली.

एवढं सगळं तिने केलं. तरीही, मंडळी, माझ्या मनात एक सल होता. मी तिला कधी 'आई' म्हटलं नाही. तिनेच म्हणू दिलं नाही. "तुज्या आईची जागा तिची हाय," म्हणायची. आणि इथे सुरतेत तिला सगळे मयुरीची, म्हणजे माझी, आई म्हणूनच ओळखतात. तिला मुलगा होता हे आज या हॉलमध्ये निम्म्या लोकांना पहिल्यांदा कळलं असेल. ती त्याचं नाव काढत नव्हती. पण 'नावाची भांडी फसिवत्यात' हे मात्र वरचेवर म्हणायची. आणि मी ते ऐकून समजायचं ते समजले होते. घागरीने तिला फसवलं. तिला हवा होता वैभव, हाती आले मी. मी म्हणजे चुकून सापडलेली मुलगी. चुकून सापडलेली वस्तू माणूस टाकून देत नाही, सांभाळतो. तशी तिने मला सांभाळली. तक्रार कुणाकडे करायची? पण तीस वर्षं ही गोष्ट माझ्यात घर करून होती.

काका गेले. काकूचे गुडघे गेले. खानावळ बंद झाली. आणि या दिवाळीनंतर ती म्हणाली, "मी गावी जाते." नवं चिंचवळ जुन्या गावापासून लांब वसवलंय, तिथे तिच्या नावचं घर कुलूप लावून पडलंय. मी रडले, भांडले, लेकरांना पुढे केलं. "माझ्याकडे काय कमी आहे?" म्हटलं. ती म्हणाली, "कमी न्हाई गं. तितं वैभ्या हाय." मला वाटलं, बघा, शेवटी ज्याची आई त्याच्याकडे चालली.

मागच्या आठवड्यात तिचं सामान बांधत होतो. मंडळाला तिला काहीतरी भेट द्यायची होती. योगेंद्रभाऊ म्हणाले, चांदीच्या रंगाची ढाल देऊ, वर सुरतेचा किल्ला. मी म्हटलं, भाऊ, ढाल घेऊन ती काय करणार? तिची ती जुनी घागर आहे, ती उजळून देऊ. तर घागर पुसता पुसता मी तिला विचारलं, "काकू, हिच्यावरचं नाव पार पुसट झालंय. भांडीवाल्या मगनभाईकडून पुन्हा घालून घेऊ?"

ती म्हणाली, "नगं बाई. नावाची भांडी फसिवत्यात."

आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सापडले म्हणून ना?"

तिने गाठोड्यावरून मान वर केली. "काय बोलायलीस?"

"तुला वैभव हवा होता. घागरीवरचं नाव बघून तू उकरलंस आणि मी निघाले. फसलीसच की तू."

"येडी हाईस का गं?" ती म्हणाली. "आगं, त्या नावापायी आख्खी गल्ली तुमच्याच घरावर आली. बाकीच्या घरावर कुनी गेलंच न्हाई दुपारपतुर. त्यासाटी म्हनते मी, फसिवत्यात. तुजं काय त्यात? तू न्हाई फसिवलंस. तुजा तर आदी हात निगाला ढेकळातून. हातात हिरवी बांगडी. माज्या वैभ्याच्या हातात बांगडी कुटली? मला तवाच कळलं, ह्ये माजं घर न्हाई. माजं घर फुडं हाय."

तीस वर्षं मी समजत होते, की माझा चेहरा दिसेपर्यंत तिला माहीत नव्हतं. तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. तोंड, खांदा, धड, सगळं अजून मातीत होतं. तिला सोडून जाता आलं असतं. उकरायला तिथे माणसं होती.

मी विचारलं, "मग तू पुढे का गेली नाहीस? वैभवकडे?"

ती गाठोड्याची गाठ आवळत होती. भाजीत मीठ का घातलं असं कुणी विचारावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू बोट धरलंतंस की."

मला हे आठवत नाही, मंडळी. मी कितीदा डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. ते गार, गोल पितळ आठवतं, बोट आठवत नाही.

"लेकरानं बोट धरल्यावर कसं सोडून जावावं मानसानं?" ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "त्याला सांगत असते मी. दर साली सांगते. बाबा रं, उशीर झाला मला यायला. हात गुतला हुता." आणि पुढे म्हणाली, "आता तू तुज्या घरी सुकाची हाईस. हात मोकळा झाला माजा. जाऊन बसते जरा त्याच्याजवळ."

सज्जनहो, मी शाळेत भूगोल शिकवते. भूपट्ट, भूकंपनाभी, लहरी, सगळं फळ्यावर आकृती काढून समजावून सांगते. धरणी कशाने हलते, ते मला सांगता येतं. पण आपलं लेकरू पुढच्या ढिगाखाली आहे हे ठाऊक असताना, परक्या पोरीच्या हातात दिलेलं बोट जिने हलू दिलं नाही, ती बाई कशाची बनली असेल, हे मला सांगता येत नाही. मी त्या संध्याकाळपासून तिच्याकडे बघते आणि थक्क होते. एवढं मोठं ओझं ती इतकी वर्षं इतक्या साधेपणाने कशी बाळगून होती? आमच्यासाठी भाकऱ्या थापत, कुणाला तिसरी वाढत, रस्ता ओलांडताना माझं बोट धरत.

घागरीवर नाव घालायचं का, हे मी तिला पुन्हा विचारलं. म्हणाली, "तुजी हौस असंल तर घाल. पर माजं येकटीचं नगं."

मगनभाईंनी घागर उजळून दिली. त्यांना चेपलेला भाग ठोकून सरळ करायचा होता, मी करू दिला नाही. जुनं पुसट नाव तसंच ठेवलंय. त्याच्याखाली मगनभाईंनी, गुजराती असूनही, माझ्याकडून दोनदा लिहून घेऊन, अक्षर न चुकवता मराठीत कोरलंय, ते मी वाचून दाखवते. 'वैभव आणि मयुरीच्या आईस'. तोंडाने जे म्हणू दिलं नाहीस, काकू, ते पितळेवर घातलंय. आता वाळूने घासू नकोस.

अध्यक्षमहाराज, शेवटी एक विनंती आहे. पत्रिकेत सत्कार व्यासपीठावर लिहिलाय, पण सत्कारमूर्ती इथपर्यंत येणार नाहीत हे आपण जाणताच. तेव्हा आपण, योगिताताई, योगेंद्रभाऊ, व्यासपीठावरची सगळी मंडळी, आपण सगळेच दाराशी जाऊ या का? चपला जरा बाजूला सरकवाव्या लागतील, एवढंच. कलाबाई, तुम्हीही उठा, तुमच्याशिवाय हा सत्कार पुरा होत नाही.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, तुम्ही चहा निवेपर्यंत ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांची मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाचं नाव घ्यायचं विसरले असेन, तर घरची पोर म्हणून पोटात घाला.

काकू, तू उठू नकोस, तिथेच बस. घागर योगेंद्रभाऊ आणतायत. मी रिकाम्या हाताने येतेय. हात मोकळा झाला म्हणालीस ना? परवा गाडीत बसेपर्यंत अजून जरा गुंतू दे.